निकाल लागेपर्यंत काय करायचं?

बेळगाव, खानापूर, निपाणीसारखा मराठी भाग कर्नाटकातून महाराष्ट्रात यावा, या सीमाप्रश्नाचा दावा महाराष्ट्र सरकारनं सर्वोच्च न्यायालयात दाखल केला तो २००४ साली. त्या वर्षी खानापूर तालुक्यात जन्मलेलं पोर एव्हाना एसएसएलसी, पीयूसी (म्हणजे दहावी, बारावी) करून, पदवी घेऊन किंवा अर्ध्यावर सोडून चाकणच्या नाहीतर गोव्यातल्या वेर्ण्याच्या कारखान्यात लागलेलं आहे. त्याच्या आज्यानं १९५६ पासून वाट बघितली, बापानं १९८६ चं कन्नडसक्तीविरुद्धचं आंदोलन बघितलं, आणि त्याच्या वाट्याला नुसत्या तारखा आल्या.

आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना कुणी माझी जात-कुळी शोधायला नको. सीमाभागातल्या मराठी माणसाची मागणी न्याय्य आहे असं मी मानतो. १९६६ साली नेमलेल्या महाजन आयोगानं १९६७ मध्ये अहवाल दिला. महाराष्ट्रानं मागितलेल्या ८१४ गावांपैकी निपाणी, खानापूर, नंदगड धरून २६४ गावं महाराष्ट्राला द्यावीत असं त्या आयोगानंही म्हटलं. बेळगाव शहर मात्र कर्नाटकातच ठेवलं, म्हणून महाराष्ट्रानं अहवाल नाकारला, आणि आज मागणी ८६५ गावांची आहे. त्या इतिहासात इथं पुन्हा शिरत नाही. आपल्याकडं कुठल्याही गल्लीतल्या कट्ट्यावर बसा, दहा मिनिटांत सगळा पाठ म्हणून दाखवणारा माणूस भेटतो.

मला सतावतं ते वेगळं. दावा खरा आहे म्हणून सगळा संसार त्याच्या निकालावर टांगून ठेवायचा, ही सवय आपल्याला लागली आहे. शाळेचा विषय काढला की उत्तर येतं, आधी सीमाप्रश्न सुटू दे. नाल्याचं, रस्त्याचं, नोकरीचं काढलं तरी तेच. उलट बाजूला बंगळूरचे राजकारणी खूश, कारण मराठी माणूस एक नोव्हेंबरला, १९५६ साली हा भाग तिकडं गेला त्या दिवशी, काळा दिन पाळून सायकल फेरी काढतो आणि उरलेले दिवस काही मागत नाही. विधानसभेच्या २०१८ आणि २०२३ च्या निवडणुकांत, महाराष्ट्रात जाण्यासाठी लढणाऱ्या महाराष्ट्र एकीकरण समितीचा एकही आमदार निवडून आला नाही. समितीवर राग म्हणून लोकांनी मतं फिरवली असं मला वाटत नाही. पुढच्या पाच वर्षांत आमच्यासाठी काय करणार, या प्रश्नाला समितीकडं उत्तर नव्हतं, एवढंच.

तेव्हा निकाल लागेपर्यंत काय करायचं, यावर माझं म्हणणं असं: भाषिक अल्पसंख्याक म्हणून जे हक्क आज कागदावर आहेत ते कचेरीच्या खिडकीपर्यंत आणायचे, आणि मराठी शाळेत कन्नड नीट शिकवायला लावायचं. दुसरं ऐकून बऱ्याच जणांच्या भुवया वर जातील. त्याकडं येतो.

आधी खिडकी. खानापूरच्या कचेरीबाहेर सकाळी दहा-साडेदहाला जाऊन उभं राहा. टेबल टाकून अर्ज लिहून देणारे बसलेले असतात. त्यांच्यापुढं जांबोटी-कणकुंबीकडून पहिल्या एसटीनं आलेली माणसं. एका म्हाताऱ्याला मी तिथं बघितलं. पिशवीतून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला उतारा काढला, टेबलावर सरळ केला, आणि बोटानं एक ओळ दाखवून विचारलं, "ह्यात माझं नाव कुठलं?" उताऱ्यावर त्याच्या बापाचं नाव एक, आधारवर दुसरं. त्यामुळं केंद्राच्या शेतकरी योजनेचे पैसे अडकलेले. चूक उताऱ्यावर किती वर्षांपासून होती कुणास ठाऊक. तो कागद त्याच्याच घरात होता, पण त्यातलं कन्नड अक्षर त्याला वाचता येत नव्हतं, मग चूक सापडणार कशी? लिहिणाऱ्यानं अर्ज लिहिला, पैसे घेतले आणि पुढच्या महिन्यात या म्हणाला. तसा तो लिहिणारा मला वाईट वाटला नाही. त्या म्हाताऱ्याशी त्या आवारात नीट मराठीत बोलणारा तोच एक होता.

आता यात नियम काय सांगतो ते बघा. राज्य पुनर्रचनेनंतर, १९५६ सालीच, केंद्रानं भाषिक अल्पसंख्याकांसाठी संरक्षणं ठरवून दिली. एखाद्या भागात एका भाषेचे लोक पंधरा ते वीस टक्के असतील, तर महत्त्वाच्या सरकारी सूचना आणि नियम त्या भाषेतही प्रसिद्ध व्हावेत, हे त्यातलं एक. खानापूर तालुक्यात आणि बेळगाव तालुक्याच्या पश्चिम भागात हा आकडा कुठल्या कुठं मागं पडतो. संविधानाचं कलम ३५० अ सांगतं की अल्पसंख्याक मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय राज्यानं आणि स्थानिक संस्थांनी करावी. कलम ३५० ब खाली भाषिक अल्पसंख्याक आयुक्त नेमलेला असतो आणि त्याचा अहवाल राष्ट्रपतींकडं जातो. या आयुक्तांचं एक विभागीय कार्यालय एकेकाळी चक्क बेळगावात होतं. चाळीस-पन्नास वर्षांत तिथं आपल्याकडून किती ढीग तक्रारी जायला हव्या होत्या! गेल्या, नाही असं नाही. काही चिवट मंडळींनी पत्रं लिहिली, आयुक्तांच्या अहवालांत बेळगावचा उल्लेख आणला. पण मोर्चाला हजारो आणि पत्राला दोघे-तिघे, हे प्रमाण कधी बदललं नाही.

मोर्चाला माझा विरोध नाही. लोकशाहीत तो लागतोच. पण मोर्चाचं निवेदन डीसींच्या, म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांच्या, हातात पडलं, फोटो छापून आला, की पुढं त्या निवेदनाचं काय झालं हे विचारायला कोण जातं? बघा ना, पाटीवर साठ टक्के कन्नडचा नियम कडक झाला तेव्हा सगळं शहर ढवळून निघालं. दुकानावरच्या अक्षरांची उंची मोजली गेली. पाटीचं दुःख मलाही आहे. पण भूसंपादनाची नोटीस जेव्हा फक्त कन्नडमध्ये येते आणि हरकत घेण्याची मुदत ती वाचून घेण्यातच निघून जाते, तेव्हा जमीन जाते. या नोटिशीसाठी शहर कधी ढवळून निघालेलं माझ्या पाहण्यात नाही.

आता शाळा.

आपल्या गावांतून हिवाळ्यात मराठी साहित्य संमेलनं भरतात. येळ्ळूर, कडोली, उचगाव, बेळगुंदी, कुद्रेमनी, सांबरा. ग्रंथदिंडी निघते, लेझीम असते, पुण्या-मुंबईचा अध्यक्ष येतो आणि सीमाभागातल्या मराठीप्रेमाचं कौतुक करून जातो. एवढ्याशा गावांनी स्वतःच्या खिशातून हे चालवावं, याचा मला अभिमान आहे. पण संमेलनाच्या मांडवापासून हाकेच्या अंतरावर सरकारी मराठी शाळा असते, तिच्या पहिलीचा पट एकदा बघून यावा. पहिली, दुसरी, तिसरी एकाच खोलीत, नलि-कली या कर्नाटकातल्या एकत्र वर्गांच्या पद्धतीच्या गोल टेबलांवर. कायम शिक्षक निवृत्त झाले की त्या जागी अतिथी शिक्षक, आणि त्यांची नेमणूक शाळा सुरू झाल्यावर कधीतरी. सकाळी आठला गावाच्या वेशीवर पिवळी गाडी येते आणि मोर्चात पुढं असणाऱ्यांचीही नातवंडं तीत चढतात. (भाषण करणाऱ्या पुढाऱ्यांची मुलं कुठल्या माध्यमात शिकली, हे विचारणं आपल्याकडं असभ्य समजतात, म्हणून मीही विचारत नाही.)

पालकांना दोष देऊन हा प्रश्न सुटत नाही. त्यांचा हिशेब सरळ आहे. "मराठीत शिकून काय करतंय पोर? हितं कन्नड लागतंय, भायेर इंग्लिश." हे वाक्य मी इतक्या दारांत ऐकलं आहे की आता समोरच्यानं तोंड उघडायच्या आधीच ते माझ्या कानात वाजतं. इंग्रजीवर सगळेच बोलतात. पण हितं कन्नड लागतंय, या अर्ध्या वाक्याकडं आपण मुद्दाम कानाडोळा केला आहे.

कन्नड लागतं हे खरं आहे. राज्याच्या नोकरभरतीत कन्नडची परीक्षा आहे. पोलिसांत, कचेरीत, हेस्कॉम या वीज कंपनीत, बँकेत, इस्पितळाच्या केसपेपरपाशी ते लागतं. कन्नड आपल्या शाळेत सक्तीनं आहेच. पण ते शिकवलं कसं जातं? गाईडातली उत्तरं पाठ करून. मूल परीक्षेत अक्षरं चित्रासारखी काढतं, पास होतं, आणि इतकी वर्षं कन्नड विषय असूनही त्याला ग्रामसभेची सूचना वाचता येत नाही. म्हणजे सक्ती पुरेपूर आणि विद्या शून्य. सरकारला आकडे मिळतात, आपल्याला तक्रार मिळते. पोराच्या हातात दोन्हींपैकी काहीच पडत नाही. मग ते मराठी शाळेतून काढून कन्नड नाहीतर इंग्रजी माध्यमात टाकलं जातं, आणि एका पिढीत घरातलं मराठी वाचन संपतं.

म्हणून म्हणतो, मराठी शाळा टिकवायची असेल तर तिथं जिल्ह्यातलं सगळ्यात चांगलं कन्नड शिकवलं गेलं पाहिजे. माध्यम मराठीच राहील. गणित मराठीत, परिसर अभ्यास मराठीत, सातवीपर्यंत मूल मराठीत विचार करायला शिकेल. पण पहिलीपासून तोंडी कन्नड, गाण्यातून, बाजारातल्या बोलण्यातून. मग अक्षर. आणि सातवी सुटताना त्या पोरानं घरचा उतारा, लाईट बिल, पंचायतीची सूचना घडाघडा वाचून आजीला मराठीत समजावली पाहिजे. असं होतं हे एकदा गावानं पाहिलं की पालकांच्या हिशेबातली एक मोठी रक्कम आपल्या बाजूला येते. हे शिकवायला मराठी येणारा कन्नड शिक्षक लागतो. तशा माणसांचा बेळगावात दुष्काळ नाही. इथली अर्धी पेठ दोन्ही भाषांत भाव करते.

पैशाचं म्हणाल, तर शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीत एकेक मंडळ काय खर्च करतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. त्यातला थोडा भाग बाजूला ठेवला तरी एका शाळेला एक जादा शिक्षक वर्षभर मिळतो. एसडीएमसीला, म्हणजे शाळेच्या पालक-समितीला, ठराव करायला कुणी अडवत नाही.

यावर पहिली हरकत येणार ती १९८६ ची. आली पाहिजे. त्या वर्षीच्या जूनमध्ये कन्नडसक्तीविरुद्ध आंदोलन पेटलं, गोळीबार झाला, नऊ जण गेले. हिंडलग्याच्या हुतात्मा स्मारकावर आपण दर एक जूनला जातो. तिथं डोकं टेकवून येणाऱ्याला कन्नड शिका असं सांगणं सोपं नाही, आणि मी ते हलक्या तोंडानं सांगत नाही. पण त्या नऊ जणांनी आपल्या पोरांना कन्नड येऊ नये म्हणून जीव दिला नव्हता. आपल्या भाषेच्या डोक्यावर दुसरी भाषा बसवून तिच्या जोरावर आपल्याला दुय्यम ठरवू नका, हा त्यांचा आग्रह होता. तो आग्रह आजही तसाच धरता येतो. उलट जास्त ठामपणे धरता येतो, कारण कन्नड येणारा मराठी माणूस अधिकाऱ्यासमोर नियम उघडून दाखवू शकतो आणि समोरच्याला "भाषा येत नाही, मग काय कळणार" म्हणून त्याला परतवता येत नाही.

दुसरी हरकत, कन्नड शिकलो तर मराठी जाईल. रविवार पेठेत जा, नाहीतर वडगाव-खासबागच्या विणकरांकडं जा. पिढ्यान्पिढ्या दोन्ही भाषा तोंडात आहेत. घरात मराठी आहे, भजनात मराठी आहे, शिव्याही मराठीतच. पोर दुसरी भाषा शिकलं म्हणून मराठी गेल्याचं मला तरी तिथं दिसलं नाही. शाळा बंद पडली की मात्र ती जाते.

तिसरी हरकत दाव्याची, म्हणजे यानं कोर्टातली बाजू लंगडी पडेल. कशी पडेल? १९५६ साली इथं कोण राहत होतं आणि काय बोलत होतं, हे एखाद्या पोरानं कन्नड शिकल्यानं बदलत नाही.

भाषेपलीकडचं थोडं. शहराच्या दक्षिणेला बळ्ळारी नाला आहे. पावसाळ्यात त्याचं पाणी शहराची सगळी घाण घेऊन येळ्ळूर, अनगोळ, वडगाव, शहापूरच्या शिवारात घुसतं. हे शिवार बासमतीचं. इथल्या भाताचा वास एकेकाळी शिजताना गल्लीभर जायचा असं जुनी माणसं सांगतात. आता रोप कुजतं, दुबार पेरणी होते, कधी तीही जाते. गाळ काढा, गाळ काढा म्हणून शेतकरी दर वर्षी निवेदन देतात. त्याच पट्ट्यातून हलगा-मच्छे बायपास, त्याच पट्ट्यात सांडपाण्याचा प्रकल्प, सगळं सुपीक जमिनीवर. शेतकऱ्यांनी कोर्टकचेऱ्या केल्या, जेसीबीपुढं आडवे झाले. हलगा, बस्तवाडकडं यात कन्नड घरंही आहेत आणि मराठी घरंही. जेसीबी दोघांच्या बांधावरून सारखाच जातो. या लढ्यात शेतकऱ्यांनी झेंड्याचा रंग बाजूला ठेवला तेव्हा वजन पडलं, आणि कुणा पुढाऱ्यानं रंग मध्ये आणला की शेतकरी फुटले. निपाणीनं हे १९८१ ला दाखवलं होतं. तंबाखूला भाव मागायला शेतकरी रस्त्यावर बसले तेव्हा त्यात मराठी होते, कन्नड होते. पोलिसांच्या गोळ्या झेलल्या त्याही शेतकरी म्हणूनच.

आणि भीमगडच्या जंगलातली गावं? आमगावसारख्या ठिकाणाहून पावसाळ्यात आजारी माणसाला खांद्यावरून पायवाटेनं मैलोन्मैल आणावं लागतं. अभयारण्य झालं २०११ साली, रस्त्याला वनखात्याची आडकाठी, आणि ही माणसं दोन्ही राज्यांच्या भाषणांत कधी येत नाहीत. त्यांना मराठीत नोटीस मिळाली तरी आधी रस्ता हवा, नाहीतर उठून येण्याचा योग्य मोबदला हवा.

एक गोष्ट आपल्याला आवडणार नाही, तरी लिहितो. जे आपण इथं मागतो ते महाराष्ट्रानं तिकडं दिलंय का? जत तालुक्यात, अक्कलकोटला, दक्षिण सोलापुरात कन्नड बोलणारी गावं आहेत. जतच्या चाळीस गावांनी पाण्यासाठी कर्नाटकात जाण्याची भाषा केली होती, ती २०२२ मध्ये बंगळूरहून उकरून काढली गेली तेव्हा मुंबईत खळबळ झाली. जतच्या कन्नड शाळांवर कन्नड न येणारे शिक्षक नेमल्याच्या तक्रारी होतात. बेळगावच्या मराठी माणसानं या शाळांची बाजू सगळ्यात आधी घ्यायला हवी. तत्त्व म्हणून तर खरंच, शिवाय व्यवहार म्हणूनही. कारण कर्नाटक सरकार स्वतः केरळातल्या कासरगोडच्या कन्नड मुलांसाठी कन्नड शिक्षक मागतं, मल्याळमची सक्ती नको म्हणतं, आणि ते अगदी बरोबर मागतं. जत, कासरगोड आणि खानापूर असे तीन कागद एकमेकांशेजारी ठेवून बंगळूरला नेले, तर तिथल्या मंत्र्याला नाही म्हणणं अवघड जाईल. आज आपण फक्त आपलाच कागद घेऊन जातो, आणि तो समोरच्याला हट्ट वाटतो.

महाराष्ट्राकडूनही मागताना जरा नेमकं मागावं. ८६५ गावांतल्या मुलांना वैद्यकीय-अभियांत्रिकी प्रवेशात राखीव जागा आहेत, २०२३ मध्ये आरोग्य योजनाही या गावांना लागू केली. चांगलं आहे. पण मुंबईच्या सवलतींनी हुशार पोर बाहेर जातं, गावात राहणाऱ्याचं काय? गावातल्या मराठी शाळेला पुस्तकं, मराठी-कन्नड दोन्ही जाणणाऱ्या शिक्षकांचं प्रशिक्षण, उतारे आणि नोटिसा वाचून देणारी चार केंद्रं, एवढं महाराष्ट्रानं एखाद्या संस्थेमार्फत उभं केलं तर त्यावर भगवा झेंडा नसला तरी चालेल.

शेवटी एक तातडीचं. २०११ नंतरची जनगणना २०२७ ला ठरली आहे. वर सांगितलेले पंधरा टक्क्यांचे, मातृभाषेतल्या शाळेचे सगळे नियम या मोजणीवर उभे राहतात. मातृभाषेच्या रकान्यात घरोघर मराठी लागली पाहिजे, आणि ती मोजणाऱ्यानं अंदाजानं न भरता विचारून भरली पाहिजे. पुण्याला कामाला गेलेल्या पोरांची नोंद कुठं होणार, हेही घरात आताच बोलून ठेवायला हवं. मातृभाषेनंतर आणखी कुठल्या भाषा येतात तेही विचारतात. तिथं कन्नड सांगायला कुणी लाजू नये. समितीच्या युवा कार्यकर्त्यांनी या कामासाठी वॉर्डावार आणि गावावार याद्या करायला घ्याव्यात. यंदाच्या काळ्या दिनाच्या फेरीत पत्रकं वाटणारच असाल, तर घोषणांच्या जोडीला मागच्या बाजूला हेही छापा.